भीती कमी धोक्याची, प्रश्न भरवशाचा

ऑक्टोबर २०११ मध्ये टोकियोतल्या एका पत्रकार परिषदेत जपानचे संसदीय सचिव यासुहिरो सोनोदा यांनी पेलाभर पाणी पिऊन दाखवले. फुकुशिमा अणुभट्ट्यांच्या तळघरांत साचलेले ते पाणी शुद्ध केलेले होते. ते पिऊन दाखवा, असे आव्हान पत्रकारांनीच दिले होते. पेला धरताना त्यांचा हात थरथरला आणि जगभर चर्चा झाली ती त्या हाताची. त्या वेळी सोनोदा काय म्हणाले ते मात्र मागे पडले. पाणी पिऊन दाखवल्याने सुरक्षितता सिद्ध होत नाही, आकडे लोकांपुढे ठेवणे हाच खरा मार्ग आहे, हे त्यांनी तिथेच सांगितले होते.

त्याच्या एकवीस वर्षे आधी, मे १९९० मध्ये, ब्रिटनचे कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीला बीफबर्गर देऊ केला. गायींमध्ये पसरलेल्या मेंदूच्या रोगाचा माणसाला धोका नाही, हे त्यांना दाखवायचे होते. २० मार्च १९९६ रोजी सरकारला संसदेत सांगावे लागले की हा रोग बहुधा माणसांत आला आहे. पुढे ब्रिटनमध्ये त्याने १७८ जणांचा जीव घेतला. या प्रकरणाच्या चौकशीसाठी लॉर्ड फिलिप्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल २००० साली आला. माझ्या मते या विषयावरचा हा सर्वांत मोलाचा दस्तऐवज आहे. सरकार खोटे बोलले नाही, धोका फार थोडा आहे असे त्याला मनापासून वाटत होते, असे समितीने नोंदवले. चूक झाली ती दिलासा देण्याच्या मोहिमेत. लोक घाबरून उलटसुलट काहीतरी करतील या धास्तीने उरलेली शंका लोकांपासून दूर ठेवली गेली आणि सत्य बाहेर आले तेव्हा लोकांना आपला विश्वासघात झाला असे वाटले.

या दोन प्रसंगांत आपला सगळा प्रश्न आहे. काही पदार्थ नावाने घातक असतात, पण ज्या प्रमाणात आणि ज्या बंदोबस्तात ते लोकांच्या वाट्याला येतात, त्यात त्यांचा धोका थोडा असतो. त्यांच्याबद्दल लोक घाबरतात. अशा लोकांशी काय बोलायचे, कसे आणि केव्हा? गेल्या पन्नासेक वर्षांत यावर पुष्कळ अभ्यास झाला आहे. त्याहून मोठा साठा फसलेल्या प्रयत्नांचा आहे, आणि शिकण्यासारखे जास्त तिथेच आहे.

अभ्यासाची सुरुवात झाली ती लोक असे का वागतात या कुतूहलातून. १९६९ साली चॉन्सी स्टार या अमेरिकन अभियंत्याने हिशेब मांडला की आपण होऊन पत्करलेला धोका लोक लादलेल्या धोक्याच्या सुमारे हजारपट सहन करतात. पुढे पॉल स्लोविक, बारूख फिशहॉफ आणि सारा लिख्टनश्टाइन यांनी लोकांनाच विचारायला सुरुवात केली. तीस गोष्टींची यादी देऊन धोक्याप्रमाणे क्रम लावायला सांगितले, तेव्हा सामान्य स्त्रियांच्या एका गटाने आणि विद्यार्थ्यांनी अणुऊर्जेला पहिला क्रमांक दिला. तज्ज्ञांनी तिला विसावा दिला. पहिल्या झटक्यात याचा अर्थ ‘लोकांना कळत नाही’ असाच लावला जातो. स्लोविकने १९८७ च्या आपल्या गाजलेल्या लेखात तसे केले नाही. तज्ज्ञ वर्षाला किती माणसे मरतात ते मोजतात. लोक त्याशिवाय आणखी काही मोजतात: धोका डोळ्यांना दिसतो का, तो पुढच्या पिढीवर जातो का, तो टाळणे आपल्या हातात आहे का, फायदा कोणाचा आणि तोटा कोणाचा. हे प्रश्न अडाणीपणाचे नाहीत. बहुतेक घरांत एखाद्या मोठ्या निर्णयाआधी हेच विचारले जातात.

पीटर सँडमन या अमेरिकन सल्लागाराने हे सूत्रात बसवले. लोकांच्या लेखी धोका म्हणजे प्रत्यक्ष घात आणि मनातला संताप यांची बेरीज. घात थोडा आणि संताप मोठा असेल तर घाताचे आकडे कितीही वेळा सांगितले तरी बेरीज कमी होत नाही, कारण संतापाचा हिशेब वेगळा आहे. आम्हाला विचारले का? मागच्या वेळी खरे सांगितले होते का? चूक झाली तर कोण भरून देणार? फिशहॉफने १९९५ साली या क्षेत्राची वीस वर्षांची वाटचाल तपासली. आधी तज्ज्ञांना वाटले आकडे बरोबर काढले की झाले. मग वाटले ते लोकांना सांगितले की झाले, मग समजावले की झाले, मग गोड बोलले की झाले. शेवटी त्यांच्या लक्षात आले की लोकांना निर्णयात भागीदार करावे लागते. हा शेवटचा टप्पा कागदावर येऊन आता तीस वर्षे झाली. बहुतेक सरकारी कार्यालये अजून दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यावर आहेत.

तज्ज्ञ चुकतात तेव्हा काय होते, हे इंग्लंडच्या कंब्रिया भागातल्या मेंढपाळांनी सोसले. चेर्नोबिलच्या स्फोटानंतर तिथल्या डोंगरांवर पावसाबरोबर किरणोत्सारी सिझियम पडले. जून १९८६ मध्ये मेंढ्यांच्या हालचालीवर आणि विक्रीवर बंदी आली, ‘फक्त तीन आठवड्यांसाठी’. ती पूर्णपणे उठायला २०१२ साल उजाडले. शास्त्रज्ञांचा अंदाज सपाट प्रदेशातल्या चिकणमातीवर बेतलेला होता. ती माती सिझियम धरून ठेवते. डोंगरावरच्या आम्लधर्मी, कुजलेल्या वनस्पतींनी बनलेल्या मातीत मात्र ते गवतात आणि गवतातून मेंढीत फिरतच राहिले. ब्रायन विन या समाजशास्त्रज्ञाने या मेंढपाळांशी वर्षानुवर्षे बोलून लिहिले आहे. मेंढ्यांना गवताऐवजी पेंढा द्या, असा सल्ला तज्ज्ञांनी दिला होता. डोंगरातली मेंढी पेंढ्याला तोंड लावत नाही, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होते. शिवाय सेलाफिल्डचा अणुप्रकल्प शेजारीच होता आणि तिथे १९५७ साली आग लागली होती. हे सिझियम चेर्नोबिलहून आले की शेजारून, ही मेंढपाळांची शंका तज्ज्ञांनी झटकून टाकली. मेंढीच्या मांसातला धोका खरोखर थोडाच होता. पण ‘नक्की’ म्हणून सांगितलेल्या तीन आठवड्यांची सव्वीस वर्षे झाल्यावर पुढच्या कोणत्याही ‘नक्की’वर विश्वास कोण ठेवणार?

आता फुकुशिमाच्या पाण्याकडे येऊ. हे प्रकरण सविस्तर पाहायला हवे, कारण इथे विज्ञान बऱ्यापैकी भक्कम होते आणि तरीही घडी विस्कटली. अपघातात वितळलेल्या भट्ट्या थंड ठेवण्यासाठी वापरलेले पाणी गाळून हजारएक टाक्यांत साठवले गेले आणि ते तेरा लाख टनांच्या वर गेले. गाळणी यंत्रणा ६२ किरणोत्सारी द्रव्ये काढते, पण ट्रिटियम काढू शकत नाही. ट्रिटियम हे हायड्रोजनचेच जड रूप असल्याने ते पाण्याच्या रेणूचाच भाग बनते आणि पाण्यातून पाणी गाळता येत नाही. त्याचे किरण इतके दुबळे असतात की कातडीतून आत जात नाहीत. साडेबारा वर्षांच्या आतच ते निम्मे उरते. समुद्रात सोडताना पाणी इतके पातळ करायचे ठरले की लिटरमागे ट्रिटियमचा किरणोत्सार १,५०० बेकरेलच्या खाली राहील. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा १०,००० बेकरेल आहे. वर्षाला एकूण २२ लाख कोटी बेकरेलची कमाल मर्यादा घातली गेली. फ्रान्समधला ला हाग प्रकल्प याच्या शेकडो पट ट्रिटियम समुद्रात सोडत आला आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने जुलै २०२३ च्या अहवालात माणसांवर आणि पर्यावरणावर होणारा परिणाम नगण्य असल्याचे म्हटले. हे आकडे मला पटतात आणि ते पटतात असे स्पष्ट म्हणणे मला माझे कर्तव्य वाटते.

तरीही मच्छीमारांचा संताप मला खोटा वाटत नाही. २०१५ साली सरकारने आणि प्रकल्प चालवणाऱ्या टेपको कंपनीने फुकुशिमाच्या मच्छीमार संघटनांना लेखी दिले होते की संबंधितांनी समजून मान्य केल्याशिवाय पाण्याची विल्हेवाट लावणार नाही. टाक्यांतल्या पाण्यात फक्त ट्रिटियम उरले आहे, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. २०१८ साली, लोकांच्या सुनावण्या तोंडावर असताना, बाहेर आले की टाक्यांतल्या सुमारे चार पंचमांश पाण्यात इतर किरणोत्सारी द्रव्येही मर्यादेपेक्षा जास्त आहेत आणि ते पुन्हा गाळावे लागेल. कंपनीने हे जाणूनबुजून दडवले की आकडे कुठल्यातरी पानावर टाकून मोकळी झाली, हा वाद बाजूला ठेवू. लोकांना ते पत्रकारांकडून कळले, एवढे पुरे आहे. १३ एप्रिल २०२१ रोजी मंत्रिमंडळाने पाणी सोडण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मच्छीमारांचा विरोध कायम होता. मंत्री तारो आसो यांनी हे पाणी पिण्याजोगे असल्याचे म्हटले. २४ ऑगस्ट २०२३ रोजी पाणी सुटले. चीनने जपानी मासळी बंद केली आणि तिथल्या शहरांत लोकांनी दुकानांतले मीठ भीतीने उचलून नेले. ते मीठ पाणी सोडण्याआधीचे होते, त्यात नवे काही मिसळलेले नव्हते, पण मीठ आता नासेल ही धास्ती पसरायला तेवढे कारण पुरले.

मासळीचा भाव पडतो तो अफवेने, हे मच्छीमाराला ठाऊक असते. त्याला बेकरेल समजावून सांगणाऱ्याने आधी हे मान्य करायला हवे की त्याचे नुकसान बेकरेलवर अवलंबून नाही. आपल्या कोकणात जैतापूरच्या अणुप्रकल्पाच्या वेळी साखरी-नाट्याच्या मच्छीमारांचा एक मुख्य प्रश्न असा होता की प्रकल्पातून समुद्रात येणाऱ्या गरम पाण्याने मासळी दूर जाईल का. त्यांना वारंवार उत्तर मिळाले ते किरणोत्साराच्या सुरक्षिततेचे. विचारले एक, सांगितले दुसरे. एप्रिल २०११ मध्ये तिथे गोळीबारात एक मच्छीमार गेला. त्यानंतर आकड्यांची पुस्तिका वाटण्यात काही अर्थ उरला नव्हता.

पुस्तिकांवरून तुलनेचा मुद्दा येतो. धोका समजावताना तज्ज्ञांना केळ्यातला किरणोत्सार, विमानप्रवास आणि सिगारेट आठवते. १९८८ साली कोव्हेलो, सँडमन आणि स्लोविक यांनी रासायनिक कारखान्यांच्या व्यवस्थापकांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली आणि तुलनांची प्रतवारी लावली. त्याच धोक्याची काल आणि आज अशी तुलना, किंवा ठरलेल्या मर्यादेशी तुलना, लोक ऐकून घेतात. त्यांच्या धूम्रपानाशी किंवा गाडी चालवण्याशी केलेली तुलना त्यांना अपमान वाटतो. त्यात ‘तुम्ही हे चालवून घेता, मग आमचेही घ्या’ असा सूर असतो. मोबाइल टॉवरच्या वादात हेच झाले. मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकले, म्हणजे पुरावा तोकडा आहे पण शंका पूर्ण मिटलेली नाही. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या आंबवलेल्या भाज्याही आहेत, हे सांगून मुंबईत गच्च्यांवरच्या टॉवरना विरोध करणाऱ्या रहिवाशांची समजूत काढण्याचे प्रयत्न झाले. भाज्या आपण ताटात वाढून घेतो. टॉवर शेजारच्या सोसायटीने भाड्यासाठी घेतलेला असतो.

याच टॉवरनी आणखी एक गोष्ट शिकवली. सप्टेंबर २०१२ पासून भारताने लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली. भीती मात्र दहापट कमी झाली नाही. ‘आधी सुरक्षित होते तर कमी का केले?’ हा प्रश्न उलट वाढला. वीडेमान आणि श्युट्झ या जर्मन संशोधकांना २००५ सालीच प्रयोगांत दिसले होते की खबरदारीचे उपाय जाहीर केल्याने काळजी वाढू शकते. म्हणून खबरदारी घेऊ नये असे कोणी म्हणणार नाही. ती का घेतली, कोणत्या शंकेसाठी घेतली आणि तिने काय साधणार नाही, हे त्याच श्वासात सांगावे लागते.

इथवर मी लोकांची बाजू घेतली. पण भीतीही बळी घेते, आणि ते सांगण्यात हयगय करणे हा लोकांचा आदर नव्हे. फुकुशिमा प्रांतात अपघातानंतरच्या स्थलांतराच्या हालांमुळे, औषधोपचार तुटल्यामुळे, विशेषतः वृद्धांचे, २,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. किरणोत्सारामुळे तिथल्या जनतेत कर्करोग ओळखू येण्याइतका वाढेल असे संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीला दिसत नाही. अमेरिकेत १९७९ साली थ्री माइल आयलंडच्या अपघातानंतर चौकशी आयोगाने मुख्य आरोग्य-परिणाम म्हणून नोंदवला तो मानसिक ताण. ब्राझीलमधल्या गोइयानिया शहरात १९८७ साली भंगारातून सिझियमचा स्रोत फुटला आणि चार माणसे गेली. तो धोका खरा आणि भयंकर होता. एक लाख बारा हजारांहून जास्त लोकांची तपासणी झाली आणि बाधा आढळली ती २४९ जणांना. पण त्या राज्यातल्या लोकांना इतरत्र हॉटेलांत खोल्या मिळेनात, त्यांचा माल कोणी घेईना. मेलेल्यांत एक सहा वर्षांची मुलगी होती. तिच्या दफनाच्या वेळी जमावाने दगड फेकले. भीतीला कुरवाळणारे पुढारी आणि वाहिन्या या दगडांच्या वाटेकरी असतात. जो माणूस घाबरलेल्या आईला ‘बाई, तुमच्या मुलाला या पाण्यापासून धोका नाही आणि हे मी का म्हणतो ते ऐका’ असे तोंडावर सांगतो, तो तिच्याशी जास्त प्रामाणिक असतो.

मग जमले कुठे? पैशाने जमत नाही, हे स्वित्झर्लंडमध्ये दिसले. १९९३ साली वोल्फेनशीसेन भागात अणुकचऱ्याचे भांडार करण्याविषयी रहिवाशांना विचारले तर ५०.८ टक्के तयार होते. दरवर्षी मोबदला देऊ असे सांगून पुन्हा विचारले तर होकार २४.६ टक्क्यांवर आला. देशासाठी आपला वाटा उचलायला जे तयार होते, त्यांना पैसे पुढे येताच हा सौदा वाटला. फिनलंडमध्ये कायद्याने गावाला नकाराधिकार दिला. नाही म्हणण्याचा हक्क हातात असताना युराजोकीच्या गावपरिषदेने जानेवारी २००० मध्ये २० विरुद्ध ७ मतांनी भांडाराला होकार दिला. तिथे अणुवीज केंद्र आधीपासून होते आणि त्याच्याशी ओळख होती, हेही खरे.

मला सर्वांत आवडते ते फ्रान्सच्या उत्तर कोतांताँमधले काम. १९९७ साली ला हागच्या परिसरात मुलांमध्ये रक्ताचा कर्करोग जास्त असल्याचा अभ्यास छापून आला आणि गहजब झाला. सरकारने आनी सुजिए यांच्या नेतृत्वाखाली एक गट नेमला. त्यात सरकारी तज्ज्ञ, कंपनीचे तज्ज्ञ आणि प्रकल्पाला विरोध करणाऱ्या संघटनांचे तज्ज्ञ एका टेबलाभोवती बसले. त्यांनी दोनेक वर्षे सगळी मोजमापे पहिल्यापासून तपासली. निष्कर्ष असा आला की प्रकल्पामुळे झालेल्या कर्करोगाची संख्या एका रुग्णाहूनही फार कमी भरते. विरोधी तज्ज्ञांनी आपल्या हरकतीही नोंदवल्या आणि त्या दडपल्या गेल्या नाहीत. कोणते आकडे सगळ्यांना मान्य आहेत आणि कोणते नाहीत, हे त्या भागातल्या लोकांना एकाच वेळी कळले. फुकुशिमाजवळच्या इवाकी शहरात आयांनी २०११ च्या अखेरीस स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. तिथे भाज्या, माती, समुद्राचे पाणी तपासले जाते. मापक स्वतःच्या हातात असलेल्या माणसाशी बोलण्याची रीत आपोआप बदलते.

आपल्याकडे ताजा प्रसंग भोपाळच्या कचऱ्याचा. युनियन कार्बाइडच्या आवारातले ३३७ टन: १६२ टन माती, ९२ टन सेव्हिन आणि नॅफ्थॉलचे अवशेष, ५४ टन अर्धवट तयार कीटकनाशक आणि २९ टन रिअ‍ॅक्टरमधले अवशेष. या कचऱ्यात १९८४ ला माणसे मारणारा वायू नाही, असे सरकार सांगत होते. तरी तो घ्यायला कोणी तयार नव्हते. गुजरातने अंकलेश्वरसाठी नकार दिला, नागपूरजवळच्या भट्टीला महाराष्ट्रातून विरोध झाला, आणि २०१२ साली जर्मन संस्थेनेही माघार घेतली. सुशिक्षित, श्रीमंत, यंत्रसज्ज जर्मनीतही तीच भीती होती, हे शेवटी जिथे हा कचरा जाळायला नेला त्या इंदूरजवळच्या पिथमपूरच्या लोकांना अडाणी म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

१ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनर बंदोबस्तात पिथमपूरकडे निघाले. दोनच दिवसांत तिथे बंद, दगडफेक आणि दोघांचा स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न. लोकांना समजावण्याचे कार्यक्रम त्यानंतर सुरू झाले. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या, उत्सर्जन मर्यादेत असल्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितले आणि जूनअखेर सगळा कचरा जळून संपला. ताशी २७० किलोच्या वेगाने, चुना मिसळून, योग्य तापमानात जाळलेल्या या ऐवजाचा धोका थोडा होता, असे माझे मत आहे. पण भट्टीशेजारच्या तारापुरा गावाच्या पाण्याबद्दलच्या तक्रारी जुन्या होत्या. आधीच्या काही चाचण्यांत डायॉक्सिन मर्यादेबाहेर गेल्याचे संघटना सांगत होत्या. इंदूरला पाणी पुरवणारा यशवंत सागर जवळ आहे, म्हणून इंदूरच्या डॉक्टरांनीही कोर्टात धाव घेतली. यातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देता आले असते, कंटेनर निघण्याच्या सहा महिने आधी, जुन्या चाचण्यांचे चांगले-वाईट सगळे आकडे मांडून.

आणि ही ३३७ टनांची गोष्ट भोपाळमधल्या घाणीचा फार छोटा भाग आहे. नागपूरच्या नीरी संस्थेने २०१० साली दूषित मातीचा अंदाज अकरा लाख टन काढला होता. आसपासच्या ४२ वस्त्यांचे भूजल दूषित असल्याचे पुढे दिसले. त्या मातीचे काय करायचे हे कधीतरी ठरेल. ते ठरवणाऱ्या समितीत वस्त्यांमधली माणसे आणि त्यांनी निवडलेले तज्ज्ञ पहिल्या बैठकीपासून असायला हवेत. पाण्याचे नमुने तपासणारी प्रयोगशाळा वस्तीतल्या लोकांना चालत जाता येईल अशा जागी हवी. कुठल्या गावाकडे माती जाणार असेल तर त्या ग्रामसभेला नाही म्हणता आले पाहिजे.